ॲना मणी

ॲना मोडयिल मणी (२३ ऑगस्ट, इ.स. १९१८ – १६ ऑगस्ट, इ.स. २००१) या भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व हवामानशास्त्रज्ञ होत्या. भारतात सूर्यप्रारण, वारा आणि वातावरणातील ओझोन यांचे मोजमाप एकसारख्या व आंतरराष्ट्रीय मानकांशी जोडलेल्या पद्धतीने होऊ लागले, त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत भरीव काळ पुणे येथील भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या उपकरण शाखेत गेला. सौर व पवन ऊर्जेचा विचार देशात गांभीर्याने सुरू होण्याच्या कितीतरी आधी, त्या ऊर्जेचा विश्वासार्ह हिशेब ठेवण्याची व्यवस्था त्यांनी उभी केली होती.

बालपण

ॲना मणी यांचा जन्म तत्कालीन त्रावणकोर संस्थानातील पीरमेड या डोंगराळ गावी एका सीरियन ख्रिस्ती कुटुंबात झाला. हे गाव आता केरळ राज्याच्या इडुक्की जिल्ह्यात आहे. वडील स्थापत्य अभियंता होते आणि त्यांचे वेलदोड्याचे मोठे मळे होते. आठ भावंडांत ॲना सातव्या. घर सधन होते, पण मुलगे व मुली यांच्याकडून असलेल्या अपेक्षा वेगळ्या होत्या. मुलग्यांनी शिकून मोठ्या हुद्द्यावर जावे आणि मुलींनी वेळेवर लग्न करून संसाराला लागावे, अशी त्या घराची रीत होती.

ॲना यांना वाचनाचे विलक्षण वेड होते. वयाच्या आठव्या वर्षापर्यंत गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातील जवळजवळ सर्व मल्याळम पुस्तके आणि बाराव्या वर्षापर्यंत बहुतेक इंग्रजी पुस्तके त्यांनी वाचून संपवली होती. आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याच्या कुड्या देण्याची घरात प्रथा होती. ॲना यांनी त्या नाकारून त्यांऐवजी एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागितले. पुढे त्यांनी हिऱ्यांवरच संशोधन केले, हा योगायोग त्यांच्या चरित्रकारांना नेहमीच मोहवत आला आहे.

इ.स. १९२५ मध्ये वैकोम सत्याग्रहाच्या निमित्ताने महात्मा गांधी त्रावणकोरात आले होते. त्या वातावरणाचा लहानग्या ॲना यांच्यावर खोल परिणाम झाला. त्यांनी खादी स्वीकारली व ती जन्मभर सोडली नाही. स्वदेशीचा हा संस्कार त्यांच्या बाबतीत वस्त्रापुरता राहिला नाही, हे त्यांच्या पुण्यातील कामावरून दिसून येते.

शिक्षण आणि हिऱ्यांवरील संशोधन

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून इ.स. १९३९ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्‌सी. (ऑनर्स) ही पदवी मिळवली. पुढच्याच वर्षी त्यांना बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या नोबेल पारितोषिक विजेते चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या.

या संस्थेतील स्त्रियांच्या प्रवेशाचा इतिहास मराठी वाचकांना कमला सोहोनी यांच्यामुळे परिचित आहे. इ.स. १९३३ मध्ये केवळ स्त्री म्हणून त्यांचा अर्ज रामन यांनी आधी नाकारला होता आणि नंतर अटी घालून त्यांना प्रवेश दिला होता. ॲना मणी गेल्या तेव्हा दार उघडे होते. तरी आतले वातावरण मोकळे नव्हते. मुलामुलींनी एकत्र बसून विज्ञानाची चर्चा करणे रामन यांना रुचत नसे. प्रयोगशाळेतील अनौपचारिक बोलण्यातून जे शिकायला मिळते, त्याला विद्यार्थिनी बहुतांशी मुकत.

मणी यांनी हिरे आणि माणिक यांच्या दीप्तीचा वर्णपटीय अभ्यास केला. तिसाहून अधिक हिऱ्यांचे वर्णपट त्यांनी घेतले. दीप्ती अत्यंत क्षीण असल्यामुळे छायाचित्रण काचेवर तिची नोंद उमटण्यास १५ ते २० तास लागत, म्हणून कित्येक रात्री त्यांनी प्रयोगशाळेतच काढल्या. इ.स. १९४२ ते १९४५ या काळात त्यांचे एकट्याच्या नावाचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला, कारण पदव्या देण्याचा अधिकार त्या वेळी विज्ञान संस्थेकडे नसून विद्यापीठाकडे होता. मणी यांच्याकडे एम.एस्‌सी. ही पदवी नाही, या कारणावरून विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. नाकारली. ऑनर्स पदवी आणि प्रसिद्ध झालेले निबंध यांचा विचार झाला नाही. तो बांधीव प्रबंध बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आजही आहे. या गोष्टीचे मणी यांनी स्वतः कधी भांडवल केले नाही आणि पदवीवाचून आपले काही अडले असेही त्यांना वाटले नाही. परंतु अन्याय तो अन्यायच, आणि त्याची नोंद चरित्रात व्हायलाच हवी.

इंग्लंड

त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर त्या सैनिकांची ने-आण करणाऱ्या जहाजातून इंग्लंडला गेल्या. भौतिकशास्त्रात पुढील संशोधन करण्याचा त्यांचा मानस होता, परंतु लंडनच्या इंपिरियल कॉलेजात पोहोचल्यावर उपलब्ध जागा फक्त हवामान-उपकरणांच्या प्रशिक्षणाची आहे, असे कळले. त्यांनी ती स्वीकारली. उपकरणांची रचना, त्यांची चाचणी आणि अंशशोधन, म्हणजे मानक उपकरणाशी ताडून त्यांचे वाचन अचूक करण्याची प्रक्रिया, यांचे शिक्षण त्यांनी तेथे घेतले. हिऱ्यांकडून तापमापकांकडे झालेला हा बदल त्यांनी निवडलेला नव्हता. तोच त्यांचे जीवितकार्य ठरला.

पुणे

इ.स. १९४८ मध्ये स्वतंत्र भारतात परतल्यावर त्या पुण्यातील हवामानशास्त्र विभागात रुजू झाल्या. शिवाजीनगर भागातील विभागाची दगडी इमारत पुणेकरांना ‘सिमला ऑफिस’ या नावाने माहीत आहे. इ.स. १९२८ मध्ये विभागाचे मुख्यालय सिमल्याहून येथे आले, म्हणून हे नाव पडले. पुढे मुख्यालय दिल्लीला हलले, तरी उपकरणांचे काम पुण्यातच राहिले. उपकरण शाखेचे प्रमुख एस. पी. वेंकटेश्वरन हे भारताने आपली उपकरणे आपणच बनवावीत या मताचे होते. स्वातंत्र्यापूर्वी साधे तापमापक आणि वायुभारमापकसुद्धा परदेशातून आणावे लागत. वेंकटेश्वरन यांच्या कार्यशाळेत ही परिस्थिती बदलू लागली होती, आणि खादीचे व्रत घेतलेल्या मणी यांना हे काम मनापासून पटले.

इ.स. १९५३ पर्यंत त्या शाखेच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष कर्मचारी होते. त्या काळच्या कोणत्याही सरकारी कचेरीत हे चित्र दुर्मीळ होते. सुमारे १०० निरनिराळ्या हवामान-उपकरणांची प्रमाणित आरेखने त्यांनी तयार करून घेतली आणि त्यांनुसार उत्पादन सुरू केले.

या आरेखनांचे महत्त्व वरवर पाहता लक्षात येत नाही. पर्जन्यमापकाचे तोंड एका ठिकाणी थोडे मोठे व दुसऱ्या ठिकाणी थोडे लहान असेल, तर दोन गावांच्या पावसाची तुलना करणे व्यर्थ ठरते. कारागिराच्या अंदाजावर न विसंबता प्रत्येक भागाचे माप, धातू आणि त्यात चालणारा फरक कागदावर निश्चित झाला, तरच शंभरावे उपकरण पहिल्यासारखे निघते. मणी यांचा या बाबतीतील आग्रह कठोर होता. चुकीचे मोजमाप करण्यापेक्षा मोजमाप न करणे बरे, असे त्या मानत, कारण आकडा नसेल तर माणूस सावध राहतो, पण खोटा आकडा त्याला निर्धास्त करतो.

सूर्यप्रारणाचे मानक

१ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ हा काळ जगभर आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून पाळला गेला. अनेक देशांनी एकाच वेळी, एकाच पद्धतीने पृथ्वीची निरीक्षणे करावीत, हा त्यामागील हेतू होता. या निमित्ताने मणी यांनी भारतात सूर्यप्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. सुरुवातीस आयात केलेली उपकरणे वापरली गेली. थोड्याच काळात त्यांनी विविध प्रकारची प्रारणमापके पुण्यातच तयार करून घेतली.

सूर्यप्रारण मोजणे हे तापमान मोजण्यापेक्षा बरेच कठीण काम आहे. पायरॅनोमीटर या उपकरणात काचेच्या घुमटाखाली काळा पृष्ठभाग असतो. तो उन्हाने तापला की खालील तापविद्युत जोडांत अत्यल्प विद्युत दाब निर्माण होतो आणि त्यावरून प्रारण कळते. परंतु काळा रंग वर्षानुवर्षांच्या उन्हाने विटतो, काचेवर धूळ बसते, आणि उपकरण हळूहळू कमी आकडे दाखवू लागते. ही घट इतकी मंद असते की निरीक्षकाच्या ती ध्यानातही येत नाही. म्हणून ठरावीक काळाने प्रत्येक उपकरण मानकाशी ताडून पाहावे लागते.

आता हे मानक तरी कोठून आणायचे? स्वीडिश शास्त्रज्ञ ऑंगस्ट्रॉम यांच्या पायरहेलिओमीटरमध्ये काळ्या केलेल्या दोन सारख्या पट्ट्या असतात. एक उन्हात ठेवतात; दुसरी सावलीत ठेवून विजेच्या प्रवाहाने तितकीच तापवतात. दोन्ही पट्ट्या समान तापल्या की खर्च झालेली वीज मोजली जाते आणि तीच सूर्यापासून मिळालेल्या उष्णतेचे माप ठरते. अशा रीतीने उन्हाची किंमत विजेच्या मापात निश्चित करता येते. परंतु इ.स. १९०५ ची ऑंगस्ट्रॉम मापश्रेणी आणि इ.स. १९१३ ची अमेरिकेतील स्मिथसोनियन मापश्रेणी यांत, त्या वेळच्या हिशेबाने, सुमारे ३.५ टक्क्यांचा फरक होता. तेच ऊन एका श्रेणीने कमी भरे आणि दुसरीने जास्त. भूभौतिकी वर्षाच्या तयारीत हा वाद मिटवण्यात आला. ऑंगस्ट्रॉम श्रेणीत १.५ टक्के वाढ आणि स्मिथसोनियन श्रेणीत २ टक्के घट करून नवी आंतरराष्ट्रीय श्रेणी ठरली आणि १ जानेवारी १९५७ पासून अमलात आली.

भारतीय जाळे उभे राहिले ते नेमके या वेळी. त्यामुळे पहिल्यापासूनच भारतातील नोंदी जगातील अन्य नोंदींशी तुलना करण्याजोग्या राहिल्या. गावोगावच्या केंद्रांतील उपकरण पुण्यातील मानकाशी आणि पुण्यातील मानक आंतरराष्ट्रीय मानकाशी ताडायचे, अशी साखळी तयार झाली. या साखळीची एक कडी निखळली, तर तिच्या खालच्या सर्व नोंदी संशयास्पद ठरतात. इ.स. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जागतिक हवामानशास्त्र संघटनेने जागतिक प्रारणमापन संदर्भ हे नवे मानक स्वीकारले, तेव्हा १९५६ च्या श्रेणीतील जुन्या आकड्यांना १.०२२ ने गुणून ते नव्या मानकात आणता आले. मुळात कोणती श्रेणी वापरली याची शिस्तबद्ध नोंद असल्याशिवाय अशी दुरुस्ती शक्य नसते. पुणे हे आशिया खंडासाठी जागतिक हवामानशास्त्र संघटनेचे एक प्रादेशिक प्रारण केंद्र आहे. स्वित्झर्लंडमधील दावोस येथील जागतिक प्रारण केंद्रात दर पाच वर्षांनी मानक पायरहेलिओमीटरांची तुलना होते, आणि प्रादेशिक केंद्रांची मानके तिच्यावरच आधारलेली असतात.

ओझोन, थुंबा आणि दिल्ली

इ.स. १९६० च्या सुमारास मणी यांनी वातावरणातील ओझोनचा अभ्यास हाती घेतला. तेव्हा ओझोनच्या थराची चिंता सामान्य जनांपर्यंत पोहोचलेली नव्हती. फुग्याबरोबर वर जाऊन निरनिराळ्या उंचींवरील ओझोन मोजणारे ओझोनसाँड हे उपकरण पुण्यात त्यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झाले. स्वतःचे ओझोनसाँड असलेल्या मोजक्या देशांत त्यामुळे भारताची गणना होऊ लागली, आणि पुढे अंटार्क्टिकातील भारतीय तळावरूनही ते सोडण्यात आले. इ.स. १९६३ मध्ये विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून थुंबा येथील अग्निबाण प्रक्षेपण केंद्रात त्यांनी हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारला.

इ.स. १९६९ मध्ये उपमहासंचालक म्हणून त्यांची दिल्लीला बदली झाली. इ.स. १९७५ मध्ये जागतिक हवामानशास्त्र संघटनेच्या सल्लागार म्हणून त्यांनी इजिप्तमध्ये प्रारण संशोधनाचे काम केले. इ.स. १९७६ मध्ये त्या सेवानिवृत्त झाल्या.

सौर ऊर्जेची आकडेवारी

निवृत्तीनंतर त्या रामन संशोधन संस्थेत तीन वर्षे अभ्यागत प्राध्यापक होत्या. ज्या गावी त्यांनी हिऱ्यांवर संशोधन केले होते, त्याच बंगळुरात त्यांनी निवृत्तीनंतरचे सर्वांत उपयुक्त लेखन केले. इ.स. १९८० मध्ये भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीची त्यांची हस्तपुस्तिका, आणि इ.स. १९८१ मध्ये एस. रंगराजन यांच्यासमवेत लिहिलेला ‘सोलर रेडिएशन ओव्हर इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

पायरॅनोमीटर प्रत्येक गावी बसवणे शक्य नव्हते. मात्र अनेक वेधशाळांत ऊन किती तास पडले याची नोंद होत असे. या साध्या उपकरणात काचेचा एक भरीव गोल असतो. त्यातून एकवटलेले ऊन खालच्या कागदी पट्टीवर जळका ओरखडा उमटवते आणि ढग आला की तो तुटतो. जेथे उन्हाचे तास आणि प्रत्यक्ष प्रारण या दोन्हींची मोजमापे होती, तेथे त्यांचा परस्परसंबंध काढायचा आणि त्यावरून फक्त उन्हाचे तास ठाऊक असलेल्या ठिकाणचे प्रारण गणिताने काढायचे, ही पद्धत वापरता येते. अर्थात असा हिशेब मूळ मोजमापे खरी असतील तेवढाच खरा ठरतो. पुण्याची वीस वर्षांची काटेकोर शिस्त येथे फळाला आली.

छपरावरील बंब किती मोठा हवा, विहिरीवरील सौर पंपाला किती पट्ट्या लागतील, प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या बँकेने वर्षाकाठी किती विजेची अपेक्षा धरावी, हे सारे प्रश्न शेवटी त्या ठिकाणी पडणाऱ्या उन्हाच्या आकड्यापाशी येऊन थांबतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने पायरॅनोमीटरांचे दर्जानुसार वर्गीकरण करणारे आयएसओ ९०६० हे मानक इ.स. १९९० मध्ये प्रसिद्ध केले. त्यामागील गरज मणी यांनी तीन दशके आधी ओळखली होती.

वारा

पवन ऊर्जेत मोजमापाची चूक अधिक महाग पडते. वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग मोजताना १० टक्के अधिक धरला गेला, तर ऊर्जेचा अंदाज सुमारे ३३ टक्क्यांनी फुगतो, आणि त्या अंदाजावर उभारलेली पवनचक्की जन्मभर तोट्यात फिरते. हवामान खात्याच्या जुन्या वेगमापकांपैकी काहींच्या आजूबाजूला झाडे वाढली होती, इमारती उठल्या होत्या. पावसाचा अंदाज करण्यास त्या नोंदी पुरेशा असल्या, तरी पवनचक्कीच्या जागेची निवड त्यांच्यावरून करणे धोक्याचे होते.

डी. ए. मुळे यांच्यासह मणी यांनी इ.स. १९८३ मध्ये भारतातील पवन ऊर्जेची आकडेवारी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. मुळे हे पुण्याच्या भारतीय उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ होते. उपलब्ध नोंदी एकत्र करून मणी थांबल्या नाहीत. वाऱ्याचे मोजमाप मुद्दाम त्यासाठी निवडलेल्या जागी, उंच मनोऱ्यांवर, अंशशोधित उपकरणांनी झाले पाहिजे, हे त्यांनी शासनाला पटवले. देशभर ७०० हून अधिक ठिकाणी वाऱ्याच्या मोजमापाची व्यवस्था त्यांनी लावली आणि पवन संसाधन सर्वेक्षणाचे खंड प्रसिद्ध होऊ लागले. त्यांचे वय तेव्हा सत्तरीच्या आसपास होते. वाऱ्याचा वेग आणि सौर ऊर्जा मोजणारी उपकरणे बनवण्यासाठी त्यांनी बंगळूर येथे एक लहान कंपनीही काढली.

महाराष्ट्रात सह्याद्रीच्या माथ्यावरील पठारांवर नैर्ऋत्य मोसमी वारे जोराने येतात. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी, वनकुसवडे या पठारांवर पुढे पवनचक्क्यांची रांग उभी राहिली. पठारावर वारा भरपूर आहे, हे तेथील गुराख्यालाही ठाऊक होते. परंतु तो वर्षातून किती दिवस, किती उंचीवर आणि किती वेगाने वाहतो, हे मोजून सांगितल्याशिवाय तेथे कोणी पैसा गुंतवत नाही.

व्यक्तित्व, अखेर आणि स्मरण

मणी यांनी विवाह केला नाही. निसर्ग, पदभ्रमण आणि पक्षीनिरीक्षण यांची त्यांना आवड होती. स्त्री म्हणून आपल्या कामाचे वेगळे कौतुक व्हावे, हे त्यांना पसंत नव्हते. आपल्या यशाचे श्रेय त्या योग्य वेळी योग्य जागी असण्याला देत. हा त्यांचा विनय मान्य केला, तरी त्यावर पूर्ण विश्वास ठेवणे कठीण आहे, कारण योग्य जागी असलेल्या सर्वांनीच आपल्या खुर्चीत बसून शंभर उपकरणांची आरेखने तपासली असे दिसत नाही. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने इ.स. १९८७ मध्ये त्यांना के. आर. रामनाथन पदक देऊन गौरवले.

इ.स. १९९४ मध्ये पक्षाघाताच्या झटक्याने त्यांच्या हालचाली थांबल्या. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. २३ ऑगस्ट २०२२ रोजी, त्यांच्या १०४ व्या जन्मदिनी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र लावले आणि अनेक भारतीयांनी हे नाव त्या दिवशी प्रथमच वाचले.